टिपकागदाचे डॉक्टर

माणगावकर गेले तेव्हा सांगलीत त्यांच्यासाठी एक छोटी शोकसभा झाली. बोलायला उभ्या राहिलेल्या तिघांनीही त्यांना फणस म्हटलं. वरून काटेरी, आतून गोड. तिसऱ्याने तर गऱ्यांचा रंगसुद्धा सांगितला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मलाही बोलायचा आग्रह झाला, मी हात जोडले. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मी या माणसाच्या हाताखाली काही वर्षं काढली आहेत. काटे भरपूर मिळाले. गरा एकही मिळाला नाही. माणूस गेला की त्याच्या आतून काहीतरी गोड काढून दाखवायची आपल्याकडे जी घाई असते, तिचा मला मनापासून राग आहे. म्हणून हे लिहितो. शेवटी मी जे पाहिलं तेही सांगणार आहे. त्याला कुणाला गरा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, मी म्हणणार नाही.

डॉ. माणगावकर गुरांचे डॉक्टर होते, पण त्यांचा जीव गुरांत नव्हता. गाय, म्हैस, बैल ते नियमाप्रमाणे बघत, चांगलंच बघत. मात्र फाटकातून कुणी कोंबडी, पोपट, घोरपड असलं काही घेऊन आलं की आमदारासाठीही न उठणारा हा माणूस खुर्चीतून उठायचा. पाखरांच्या आणि सरपटणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांत पाणी किती येतं, हे त्यांना मोजायचं असे. डोळ्यातलं पाणी आटलं की डोळा आधी चिकटतो, मग त्यावर फूल पडतं, मग तो जातो. हे सगळं व्हायच्या आधी पाणी मोजलं तर डोळा वाचतो, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असायचं, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्याला याच्याइतका जाच दुसरा नव्हता.

खोकल्याच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. त्यात कागदाच्या पट्ट्या. कुठल्याशा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागवलेला गाळणकागद ते रविवारी सकाळी फूटपट्टी ठेवून, पेन्सिलीने बारीक खुणा करून कापत बसत. कोंबडीची पट्टी वेगळी, पोपटाची त्याहून निमुळती. टोक दुमडून ते खालच्या पापणीच्या आत अलगद अडकवायचं, घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबायचं आणि कागद कुठवर भिजला ते वाचायचं. सगळा सातारा त्यांना टिपकागदाचा डॉक्टर म्हणायचा. ते प्रत्येक वेळी सुधारायचे, "टिपकागद नव्हे, गाळणकागद." लोक मान हलवायचे आणि पुन्हा टिपकागदच म्हणायचे.

त्यांच्या दवाखान्यात अश्रू या शब्दाला बंदी होती. "पाणी म्हणा," ते म्हणत. "अश्रू नाटकात असतात." एकदा जिल्हा कचेरीतल्या एका बड्या साहेबांनी चारचौघांत विचारलं, "काय डॉक्टर, नक्राश्रू मोजलेत का कधी?" सगळे हसले. माणगावकर हसले नाहीत. म्हणाले, "सांगलीला कृष्णेत मगरी आहेत. एक धरून आणा, मोजतो. धरताना तुम्ही पुढे व्हा." त्यानंतर दवाखान्याच्या गळक्या छपराचा आमचा अर्ज त्या साहेबांच्या टेबलावरून कधीच हलला नाही. पावसाळ्यात घमेली लावून बसायचो आम्ही. त्यांचं टेबल तेवढं कोरड्या कोपऱ्यात होतं.

आणखी एक तऱ्हा. जनावरांशी ते अहोजाहो करत आणि त्यांना घेऊन येणाऱ्या माणसांना अरेतुरे. टेबलावर ठेवलेल्या कोंबडीला "या, बसा," आणि तिला पोटाशी धरून दहा मैल चालत आलेल्या म्हातारीला "ए, धर." नागाचा डोळा पांढरा झाला म्हणून एक गारुडी रडत आला होता. माणगावकरांनी पट्टी काढलीसुद्धा नाही. सापाच्या डोळ्यावर काचेसारखं झाकण असतं, पाणी त्याच्या आत, तिथं कागद पोचत नाही, हे त्यांनी नागाकडे बघत, नागाला सांगितल्यासारखं सांगितलं. "आठवड्यात कात टाकाल तुम्ही," हे नागाला. "ओलं पोतं घाल पेटीत, अक्कल नाही तुला?" हे गारुड्याला. लोकांना याची गंमत वाटायची. ज्याला अरे म्हटलं जायचं त्याला ती वाटत नसे. काम झालं की एकच शब्द, "पुढे!" समोरचा अजून काही विचारत असला तरी पुढे. बऱ्याच लोकांचं वाक्य त्या शब्दाखाली अर्धं राहिलं.

सुभेदारांची गोष्ट सातारकर अजून हसून सांगतात. साताऱ्याजवळच्या एका गावात एका निवृत्त सुभेदारांनी पांढऱ्या इंग्रजी कोंबड्यांची शेड घातली होती. कोंबड्यांचे डोळे चिकटू लागले म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं. माणगावकरांनी शेडच्या दारात नाक वर करून वास घेतला. आत खालचा भुसा सडला होता, त्याचा उग्र वास डोळ्यांत जात होता. त्यांनी चार कोंबड्यांना पट्ट्या लावल्या. कागद कोरडे. मग ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "सुभेदार, जरा आत चला." सुभेदार आत गेले. यांनी बाहेर येऊन कडी घातली.

"आवं डागदर, कडी काडा! डोळं झोंबाय लागलं!"

"कोंबड्यांनाही कडी काढता येत नाही," माणगावकर बाहेरून म्हणाले आणि घड्याळ बघत उभे राहिले.

कडी काढली तेव्हा सुभेदारांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. यांनी त्यांना ओसरीवर बसवून त्यांच्याच डोळ्यात पट्टी लावली. मला म्हणाले, "बघा मोरे, सुभेदारांना भरपूर पाणी आहे. कोंबड्यांचं संपलंय."

दुसऱ्या दिवशी भुसा बदलला गेला, भिंतीला जाळ्या बसल्या आणि कोंबड्या वाचल्या. गोष्ट सांगणारे इथे हसतात आणि थांबतात. मी तिथे होतो. छातीवर पदकं लावून झेंडावंदनाला जाणारा तो माणूस आपल्या सुनांसमोर फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होता. "लढाईत बी कुणी मला असं कोंडलं न्हवतं, गड्या," एवढंच तो मला म्हणाला. नंतर रस्त्यात आमची जीप दिसली की तो तोंड फिरवायचा. मलाही बघून फिरवायचा, आणि मी त्याला दोष देत नाही.

माझ्या वाट्याला काय आलं ते थोडक्यात सांगतो. पोपटाला पट्टी लावताना तो धरायचं काम माझं. एकदा पोपटाने माझ्या अंगठ्याचा लचका तोडला, टेबलावर रक्त सांडलं. माणगावकर म्हणाले, "हात स्थिर ठेवा, मोरे. त्यांना त्रास होतोय." त्यांना म्हणजे पोपटाला. तेही मी सोडून दिलं असतं. पण माझं लग्न मी सोडून देणार नाही.

माझं लग्न कराडला झालं. माणगावकर आले, पहिल्या रांगेत बसले, दुधाची किटली आहेर केली. पाठवणीची वेळ आली. सासूबाई माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडत होत्या, वाजंत्री थांबली होती, मांडवात सगळे गप्प होते. त्या शांततेत हा माणूस मला सांगितल्यासारखं करून अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मोरे, डावा डोळा कोरडा आहे."

सासूबाईंनी ऐकलं. सासऱ्यांनी ऐकलं. सनईवाल्यानेसुद्धा ऐकलं. पुढे मिरजेला दाखवल्यावर सासूबाईंच्या डाव्या डोळ्यात खरंच दोष निघाला, वेळेवर निघाला, म्हणजे इथेही यांचंच बरोबर. पण त्यांच्या लेकीच्या पाठवणीला जावयाच्या साहेबाने त्यांचं रडणं खोटं पाडलं, हे त्या घराने कधी विसरायचं? आजही आमच्याकडे भांडण झालं की ते वाक्य बाहेर येतं, आणि जणू ते मीच बोललो होतो अशा नजरेनं बायको माझ्याकडे बघते.

आता हौसाबाई.

आणीबाणी लागायच्या आधीचं वर्ष असेल. कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीत कोंबड्यांना मानमोडीची लस टोचायला आम्ही गेलो होतो. मोठ्या भूकंपानंतर बांधलेली पत्र्याची घरं, आणि मधूनच मांडणीवरची भांडी वाजायची. भांडी वाजली की माणसं बोलता बोलता थांबत, थोडं ऐकत आणि पुन्हा होतं तिथून बोलू लागत. देवळासमोर रांग लागली होती. रांगेत हौसाबाई होती, एका काखेत कोंबडी आणि दुसऱ्या हातात टोपली. टोपलीत कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं, कोरड्या मुलखातलं, जमिनीवरचं कासव.

माणगावकर खुर्चीतून उठले. "या, बसा," ते कासवाला म्हणाले. "कुठून आलात तुम्ही इकडं पावसात?"

हौसाबाईला वाटलं, आपल्यालाच विचारलं. ती सांगू लागली. कासवाचं नाव चांदी. तिची सून सुली माणदेशातली. लग्न होऊन आली तेव्हा लहानपणी पाळलेलं हे कासव टोपलीत घालून घेऊन आली. सासरच्या बायका हसल्या होत्या. मुलगा पलटणीत लांब होता. भूकंपात घर बसलं आणि सुली भिंतीखाली गेली. हौसाबाई वाचली. पुढे दगड उपसताना जात्याच्या आडोशाला चांदी जिवंत सापडली. मुलाने नंतर दुसरं लग्न केलं, तो तिकडेच राहिला. घरात सुलीचं म्हणून ही चांदी तेवढी उरली होती.

ती बोलत असताना माणगावकरांनी पट्टी लावली होती. कागद बघता बघता टोकापर्यंत भिजला, पाणी गालावर ओघळलं. त्यांच्या तोंडावर हसू आलं. माणसाकडे बघून हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लय रडती वो ती," हौसाबाई म्हणाली. "आमच्या सुलीसाटनं रडती. सकाळच्या पारी मी पदरानं आधी तिचं डोळं पुसती, मग माझं. तेवढं दोघींचं झालं की मग कामाला लागती."

"रडत नाही हे," माणगावकर म्हणाले. "आपल्या डोळ्यातलं जास्तीचं पाणी नाकात उतरायला आत एक नळी असते. कासवाला ती नसते. म्हणून पाणी गालावर सांडतं. सगळ्या कासवांचं सांडतं. निरोगी आहे, म्हणून सांडतंय."

इथवर ठीक होतं. इथे थांबायला या माणसाचं काय जात होतं? पण तो थांबला नाही.

"सून मेली म्हणून कासव रडत नसतं. तुझं रडणं तुझं तू रड, त्यांच्या गळ्यात बांधू नकोस. पुढे!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हौसाबाईने चांदीला उचललं, टोपलीत ठेवलं आणि ती निघून गेली. कोंबडीला लस टोचायची राहिली. मी हाक मारली, तिने वळून बघितलं नाही. तिची पाठ मला आजही दिसते.

परतताना घाटात मी पहिल्यांदा त्यांना उलट बोललो. "साहेब, त्या बाईकडे तेवढंच होतं."

"चुकीचं होतं."

"असू दे ना चुकीचं. कुणाचं काय बिघडत होतं?"

"मग खरं सांगितल्यानेही कुणाचं काय बिघडलं?" ते म्हणाले आणि पट्ट्यांचा डबा उघडून बसले. आपण काही केलं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला. आदर कधीच फार नव्हता, पण तिरस्कार त्या घाटात सुरू झाला.

काय बिघडलं ते वर्षभराने कळलं. सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर पायरीवर हौसाबाई. पाटणला एक, कराडला दुसरी अशा एसट्या बदलत ती आली होती. टोपलीवर जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला. तो काढला. चांदीच्या पापण्या भिजवलेल्या वाटाण्यासारख्या फुगून मिटल्या होत्या. ती खात नव्हती, चालवली तर भिंतीवर आपटत होती.

माणगावकर आले. "या, बसा," म्हणाले. पापणी अलगद वर करून त्यांनी पट्टी लावली. मिनिट झालं. कागद जसा होता तसा कोरडा. दुसऱ्या डोळ्यालाही तेच.

"काय खायला घालतेस?"

"दूधभात."

"आणि हिरवं? पाला? गवत?"

"न्हाई."

"आधी घालत होतीस?"

"आधी ती बांधाला आपली आपण चरायची."

"मग बंद का केलंस?" ते ओरडले.

हौसाबाईने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुमी आला व्हतासा न्हवं? त्या दिसापास्नं पोरास्नी खेळच झाला. बांधाला चांदी दिसली की धरायची आन डोळ्यात गवताची काडी घालायची. टिपकागद, टिपकागद म्हणायची. म्हणून मी तिला घरात कोंबड्यांच्या डालग्याखाली ठिवली."

"आणि दूधभात?"

"सुलीच्या नावानं रोज एक घास मी बाहेर कावळ्याला ठिवायची. दूधभात तिला लय आवडायचा. तुमी म्हणालासा, चांदीला तिची याद न्हाई. मग मला वाटलं, तिला ध्यानात ऱ्हावी तर सुलीचा घास तिलाच घालावा. म्हणून घालत ऱ्हायले." टोपलीकडे बघत ती म्हणाली, "मग तिचं रडं थांबलं. वाडीतली माणसं म्हणाली, सुटली सुली. मला बी वाटलं, सुटली. पर मग ती खाईना, आन भितीवर आदळाय लागली."

पाला नाही, ऊन नाही, नुसता दूधभात. त्यात अ जीवनसत्त्व कुठून मिळणार? पाणी आटलं, पापण्या सुजल्या. एवढं मला कळत होतं, म्हणजे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. त्यांच्या एका वाक्याने त्या बाईचं कासव आंधळं व्हायला आलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आता तरी एक शब्द बोलेल. 'चुकलं' न म्हणो, 'बस' तरी म्हणेल.

"मोरे, शेवग्याचा पाला आणा," ते म्हणाले. "उभे काय राहिलात?"

पुढचे कित्येक आठवडे चांदी त्यांच्या दवाखान्याला लागूनच्या क्वार्टरमध्ये होती. घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला बसवायचं, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने डोळे धुवायचे, बारीक सुईने अ जीवनसत्त्वाचा थेंबभर डोस, मग शेवग्याचा पाला, पाथरीची भाजी, किसलेलं गाजर तोंडाशी धरायचं. हौसाबाई घरी जायला तयार नव्हती. तिने क्वार्टरच्या पडवीत पथारी टाकली. यांनी तिला राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती त्यांच्याशी बोलत नव्हती. पाला निवडून त्यांच्या हाताशी ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. एका छपराखाली दोन माणसं अशी राग धरून बसलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत. त्या दिवसांत माणगावकर आम्हा सगळ्यांवर नेहमीपेक्षा जास्त खेकसायचे. रोज सकाळी पट्टी, रोज कोरडी.

एका सकाळी मला राहवलं नाही. "साहेब, त्या दिवशी आपण तसं बोलला नसता तर..."

"दूधभात मी घातला नव्हता," ते म्हणाले.

हौसाबाई पडवीत पाला निवडत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. मी तिथून उठून निघून गेलो. नाहीतर हातून काहीतरी झालं असतं.

हळूहळू पट्टीचं टोक ओलसर होऊ लागलं. पापण्या उतरल्या. मग एके दिवशी बाहेर रांग लागलेली असताना माणगावकरांनी मला आत बोलावलं. चांदीने डोळे उघडले होते. तिने पाल्याकडे मान वळवली. पट्टी निम्म्याच्या वर भिजली, आणि ती काढल्यावर गालावरून एक थेंब खाली आला.

"पाणी आलं," माणगावकर म्हणाले.

हौसाबाई पुढे झाली, तिने पदराने तो थेंब पुसला. त्यांच्याकडे न बघता कासवाला म्हणाली, "रड बाई, रड. माझी बाय ती."

माणगावकरांनी तोंड उघडलं. आता नळी येणार, असं मला वाटलं. त्यांनी दाराकडे बघितलं. दारात एकजण शेळी घेऊन उभा होता.

"पुढे," ते म्हणाले.

संध्याकाळच्या एसटीला मी हौसाबाईला सोडायला गेलो. स्टँडवर तिने विचारलं, "त्यांस्नी घरचं कुणी न्हाई का वो?"

"बायको लवकर गेली म्हणतात. मूलबाळ नाही."

"तवा रडलं असतील का?"

"ते कशाला रडतील!" मी म्हणालो. मी चिडूनच म्हणालो होतो. तिने टोपलीवरचा कपडा सारखा केला.

मग माझी आष्ट्याला बदली झाली. सुटलो, असं मी बायकोला सांगितल्याचं आठवतं. माणगावकर निवृत्त होऊन सांगलीला नदीकडच्या बाजूला एका खोलीत राहू लागले. आष्ट्याहून सांगली एसटीने कितीसं लांब? मी एकदाही गेलो नाही.

दशक सरत आलं होतं. एका दुपारी आष्ट्याच्या दवाखान्यात हौसाबाई उभी राहिली. तिची भाची तिथे दिलेली होती, तिच्याकडे आली होती. हातात तीच टोपली.

"काय झालं चांदीला?"

"काय बी न्हाई. बरी हाय. टिपकागदवाल्यांस्नी दाखवायची हाय."

"बरी आहे तर दाखवायची कशाला?"

"बरी हाय म्हणूनच की."

मला जायचं नव्हतं. पण तिला एकटीला घर सापडलं नसतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो.

खोलीत एक खाट, एक टेबल, टेबलावर तो पत्र्याचा डबा. माणगावकर फार वाळले होते. खांद्यावर टॉवेल होता आणि उजव्या डोळ्यातून सारखं पाणी वाहत होतं. मी दारात चपला काढतोय तोवरच ते म्हणाले, "उजवी नळी चोंदलीय. डावी चांगली आहे. मी स्वतः दोन्हीकडे कागद लावून पाहिलंय. मी रडत नाही. वरचा भाडेकरू रोज येऊन धीर देतो मला, मूर्ख माणूस."

मग त्यांना टोपली दिसली. ते खाटेवरून उठले. "या, बसा," म्हणाले.

त्यांनी डब्यातून पट्टी काढली, पण हात इतका हलत होता की टोक दुमडेना. त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी चांदीला लावली. "हात स्थिर ठेवा, मोरे," ते म्हणाले. "त्यांना त्रास होतोय." काहीही बदललं नव्हतं. कागद पार टोकापर्यंत भिजला, चांदीच्या गालावर पाणी आलं. त्यांनी पट्टी उजेडात धरून बघितली. "उत्तम," म्हणाले.

हौसाबाईने सवयीने पदर घेतला आणि चांदीचे डोळे पुसले. मग ती उठली, खाटेपाशी गेली आणि तोच पदर तिने माणगावकरांच्या उजव्या गालावर ठेवला.

ते भिंतीपर्यंत मागे सरकले. "ए, काय करतेस? रडत नाहीये मी. सांगितलं ना, नळी..."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. "ठावं हाय मला. नळी न्हाई." आणि मुलाचं तोंड पुसावं तसं पुसत राहिली. "असू द्या. असू द्या आता."

नळीचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी या माणसाच्या हाताखाली शिकलो आहे, त्यामुळे माझी नजर आपोआप दुसऱ्या डोळ्याकडे गेली. डावी नळी चांगली होती. तिथून पाणी गालावर यायचं काही कारण नव्हतं. पण डावा डोळा भरला होता, आणि नाकाच्या कडेने एक धार सावकाश खाली उतरत होती.

कराडचा मांडव मला आठवला. थांबलेली वाजंत्री, सासूबाईंचा चेहरा. सुभेदारांचा फेटा आठवला, घाटातली जीप आठवली. हौसाबाईला दिसलंच होतं, ती काही बोलणार नव्हती. पण तो तिचा मोठेपणा, माझा नव्हे.

"साहेब," मी मोठ्यानं म्हणालो, "डावा डोळा ओला आहे."

त्यांनी हौसाबाईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पुढे," ते म्हणाले.

आमच्या मागे कुणीच नव्हतं.